लोकरकातरणी, मावळातील

मेंढीच्या अंगावरील लोकर कातरीने उतरविण्याचे काम. मावळाच्या संदर्भात या कामाचा विचार करताना आरंभीच हे नमूद करणे अवश्य आहे की, ज्या मुलखात घोंगडीच्या खोळीवाचून भातलावणी निभत नसे, त्या मुलखात मेंढी स्वतः मात्र बारमाही नांदत नाही. लोणावळ्यास वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पर्जन्यवृष्टी होते, आणि त्या अखंड ओलीत मेंढीचे खूर कुजतात व भिजलेली लोकर अंगावर वाळत नाही. म्हणूनच येथील डोंगरमाथ्यांवरचे गवळी धनगर गाई-म्हशींवर निर्वाह करतात. सरकारी दफ्तरांतून धनगर तेवढा मेंढपाळ असे एकच सदर धरण्याची जी चाल आहे, ती येथे दिशाभूल करणारी होय.

मेंढरे येतात ती शिरूर, पारनेर अशा पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांतून. दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघालेले मेंढपाळांचे वाडे घाट उतरून कोकणात जातात व मृगापूर्वी परततात. वाटेत शेतांतून रात्री मेंढरे बसवून लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य वा रोकड घेण्याचा रिवाज आहे.

कातरणी बहुधा वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याच्या तोंडाशी व एकदा तो सरल्यावर, आणि मुख्यतः देशावरच होते. मेंढी ओढ्यात धुऊन, वाळू देऊन, पाय बांधून आडवी पाडतात. कातर कातडीशी समांतर धरावी लागते, कारण टोक रुतले की जखमेवर माशी बसून किडे पडतात. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, केसाळ व बहुधा काळी असून वर्षाचे उत्पन्न किलोभरही भरत नाही. ऑस्ट्रेलियातील मेरिनो मेंढी चार-पाच किलो देते. कोकराची पहिली कातरण, अर्थात जावळ, सर्वांत मऊ व म्हणून मोलाची. पुढे पिंजून, कातून, चिंचोक्याच्या खळीने ताणा ताठ करून सनगर विणकर खड्डामागावर घोंगडी विणतात.

अलीकडे लोकरीच्या किमतीतून कातरणीची मजुरीही सुटत नसल्याने कित्येक ठिकाणी ती टाकून दिली जाते. कळपांतही मांसासाठी जत भागातील माडग्याळ जातीच्या मेंढ्या शिरत आहेत, ज्यांच्या अंगावर कातरण्याजोगे फारसे काही नसते; आणि मावळच्या खाचरांत खोळीच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे.