गाडीवरून पडलेली नावे

आगगाडी म्हटली की तिच्यात आग आलीच. परंतु जिला आग नव्हती, धूर नव्हता, आणि जी लोखंडी रुळांवरून बैलांच्या खांद्यावर चालत होती, अशी एक रेल्वे आपल्या बडोदे संस्थानात होऊन गेली. महाराज खंडेराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १८६२ साली, डभोई आणि मियागाम यांच्या दरम्यान अडीच फूट मापाचे हलके रूळ घालण्यात आले आणि त्यांवरून बैलांनी डबे ओढावयास प्रारंभ केला. अरुंद मापाची हिंदुस्थानातील ही पहिली रेल्वे होय. तिची गोष्ट निघाली की ऐकणारे हसतात, आणि ऐकणारा मुंबईकर असेल तर तो अंमळ अधिकच हसतो. बडोद्याच्या माणसाला घाई ठाऊक नाही, त्याचा सगळा कारभार बैलाच्या चालीने, ही समजूत त्याच्या मनात आधीपासून असतेच. तिला एक ऐतिहासिक पुरावा मिळाला, एवढेच.

या मुंबईकराला तारखा सांगितल्या पाहिजेत. मुंबईत पहिली ट्राम धावली ती ९ मे १८७४ रोजी, कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत, आणि ती ओढीत होते घोडे. स्टर्न्स आणि किटरेज या अमेरिकन मंडळींनी हा उद्योग आरंभिला आणि त्यांच्या पदरी नऊशे घोडे होते असे सांगतात. म्हणजे डभोईच्या बैलांनंतर बारा वर्षांनी मुंबईने रुळांवर जनावरे जुंपली. न्यूयॉर्कमध्ये तर १८३२ पासून घोडेच ट्राम ओढीत होते. त्या घोड्यांवरून न्यूयॉर्ककराला कोणी मंद म्हटल्याचे ऐकिवात नाही!

डभोईचे बैल हे आळसाचे लक्षण मुळीच नव्हते. मुंबई, बडोदे आणि मध्य हिंदुस्थान रेल्वे १८६१ साली बडोद्यास येऊन पोहोचली होती आणि मियागाम हे त्या मोठ्या रस्त्यावरचे ठाणे. त्याच वर्षी अमेरिकेत उत्तर व दक्षिण प्रांतांमध्ये यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि पश्चिम हिंदुस्थानातील कापसाला सोन्याचा भाव आला. डभोईचा मुलूख कापसाचा. डभोईपासून मोठ्या रेल्वेपर्यंतचे अंतर सुमारे वीस मैल. अशा वेळी इंजिनांची वाट पाहत बसण्यापेक्षा हाताशी असलेले बैल जुंपणे यातच शहाणपण होते. पुढे ग्लासगोहून इंजिने आली, पण त्यांचा भार हलक्या रुळांना सोसवेना. १८७३ साली मल्हाररावांच्या अमदानीत रूळ बळकट करण्यात आले आणि मग वाफेची गाडी नियमाने धावू लागली. याच डभोईभोवती पुढे अरुंद मापाच्या रेल्वेचे मोठे जाळे विणले गेले. ज्याला लोक बडोद्याचा संथपणा म्हणतात, तो येथे तरी उतावीळपणा ठरतो.

मला सांगावयाचे आहे ते हेच. एखाद्या प्रांताच्या माणसाला आपण जी नावे ठेवतो, ती बहुधा त्याच्या रक्तातून आलेली नसतात. तो कोणत्या वाटेने आला आणि रोज कोणत्या वाहनात बसतो, यांतून ती येतात. आणि वाहन गेले तरी नाव राहते.

आपल्या भाषेतच पाहा. मुंबईत देशावरच्या माणसाला ‘घाटी’ म्हणतात. शब्द जुना असेल, पण त्याला मुंबईत जो हिणकस वास चिकटला तो, माझ्या मते, बोरघाटातून रेल्वेने उतरलेल्या मजुरांबरोबर चिकटला. हा घाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. पूर्वी ज्या वाटेने लमाणांचे तांडे उतरत, त्या वाटेने आता माणसांचे लोंढे उतरू लागले, आणि शहराने त्यांना त्यांच्या वाटेचेच नाव देऊन टाकले. कोकणातला माणूस बोटीने आला. तो गावी पैसे पाठवी, शिमग्याला व गणपतीला परत जाई, म्हणून तो ‘चाकरमानी’ झाला. हे नाव मात्र त्याच्या गावाने दिले आणि त्यात थोडे कौतुकही आहे. आगबोटी बंद पडल्या, एस. टी. आली, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली, तरी चाकरमानी तो चाकरमानीच. गुजरातेत आपण ‘दक्षिणी’. दमाजीराव गायकवाडांनी १७३४ साली बडोदे घेतले तेव्हा आपले पूर्वज घोड्यावरून आले. नंतरचे कारकून, मास्तर आणि गवई रेल्वेने आले. चार-पाच पिढ्या दांडियाबाजारात आणि रावपुऱ्यात काढून, शाकात गूळ घालावयास शिकूनही, शेजाऱ्याच्या लेखी आपण दक्षिणेकडून आलेलेच!

अमेरिकेतील शहरांची तऱ्हाही काही निराळी नाही. लॉस एंजेलिसचा माणूस मोटारीवाचून पाऊल टाकीत नाही, असे सारे जग म्हणते. परंतु विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत याच शहराभोवती पॅसिफिक इलेक्ट्रिक कंपनीचे एक हजार मैलांहून अधिक लांबीचे विजेचे लोहमार्ग होते आणि तांबड्या रंगाच्या त्या गाड्यांतूनच लोक गावोगाव जात. शेवटची तांबडी गाडी लाँग बीचच्या मार्गावर १९६१ साली बंद झाली. पुढे १९९० साली त्या शहराने पुन्हा विजेची रेल्वे बांधली, ती पुष्कळ अंशी त्याच लाँग बीचच्या जुन्या वाटेवरून. मोटारीवाचून जगू न शकणारा म्हणून ज्याची ख्याती, त्याचा आजा ट्रामचा पासवाला होता. उलट न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाली आणि १९४८ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे, तिचे भाडे पाच सेंटच राहिले. पेढीचा मालक आणि पेढीचा हमाल एकाच भाड्यात, एकाच डब्यात, एकमेकांचे धक्के खात जात. न्यूयॉर्कचा माणूस उद्धट, असे इतर अमेरिकन म्हणतात. चव्वेचाळीस वर्षे पाच सेंटांत धक्के खाल्ल्यावर कोण मृदू राहील?

मुंबईचेही तेच. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी विजेची गाडी सुरू झाली, आणि मुंबईकराचे घड्याळ लोकलच्या हाती गेले. तो गाडीला नावाने नव्हे, वेळेने ओळखतो. ‘आठ तेराची’ म्हटले की पुरे. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकावयाचे आणि तिघांनी न बोलता सरकावयाचे, हा अलिखित कायदा त्या गाडीने शिकविला. मुंबईकर घाईचा असतो हे खरे, पण तो उदारही असतो, आणि दोन्ही गुण एकाच बाकावर शिकलेले आहेत.

पुणेकराची कथा थोडी अवघड. त्याने दीर्घकाळ सायकल चालविली. सायकलवाल्याला वेळापत्रक नसते, शेजारी नसतो आणि सरकून घेण्याचा प्रसंगही येत नाही. त्याच्या ‘बाण्या’चे निम्मे रहस्य येथे असावे. पण पुणेकराच्या शिष्टाचाराचा नमुना म्हणून जी गाडी दाखविली जाते ती दख्खनची राणी. १ जून १९३० रोजी ती सुरू झाली. तिच्यातील शांतता, वक्तशीरपणा आणि जेवणाचा डबा यांची वर्णने आपण वाचलेली आहेत. मात्र या गाडीला आरंभी पहिला आणि दुसरा, असे दोनच वर्ग होते. तिसऱ्या वर्गाचा उतारू तिच्यात शिरला तो १९५५ च्या जूनमध्ये. पंचवीस वर्षे गरिबाला दाराबाहेर ठेवून जो शिष्टाचार सांभाळला, त्याचे श्रेय पुण्याच्या हवेला द्यावे की तिकिटाच्या दराला, हे ज्याचे त्याने ठरवावे.

येथवर आपण विनोदाने बोललो. परंतु नाव ठेवणे आणि जागा नाकारणे यांत अंतर फार थोडे असते.

त्याच १९५५ सालच्या १ डिसेंबरला अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, आणि त्या शहरातील कृष्णवर्णीय लोक ३८१ दिवस बसमध्ये चढले नाहीत. वर्षभर माणसे पायी कामाला गेली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने बसमधील वर्णभेद अवैध ठरविला. ही हकीकत ऐकून आपण म्हणतो की अमेरिकेची दक्षिण मागासलेली आणि उत्तर पुढारलेली. हेही एक ठेवलेले नावच. कारण याच माँटगोमेरीत १८८६ साली विजेची ट्राम धावत होती. मुंबईला ती मिळाली १९०७ मध्ये, म्हणजे एकवीस वर्षांनी. आणि उत्तरेतल्या पुढारलेल्या न्यूयॉर्कमध्ये १८५४ साली एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिकेला कंडक्टरने घोड्यांच्या ट्राममधून बळाने उतरविले होते. त्यांनी दावा लावला आणि पुढील वर्षी जिंकला. त्यांचा तरुण वकील चेस्टर आर्थर कालांतराने अमेरिकेचा अध्यक्ष झाला. गाडी विजेची असली म्हणून तिच्यात बसणाऱ्यांची मने उजळतात असे नाही.

आपल्याकडे काय होते? रेल्वेच्या खिडकीवर पैसे टाकले की तिकीट मिळे, आणि तिकीट असलेल्याला डब्यात बसता येई. स्टेशनावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे असे, पण बाक एकच. कित्येक सनातनी मंडळींना याच गोष्टीचे दुःख होते. अडचण स्टेशनाबाहेर पडल्यावर सुरू होई. तेथे तिकीट नव्हते, गाडीवान होता. आणि गाडीवान भाडे ठरविण्याआधी माणूस कोण ते विचारी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांत या दोन जगांची सीमा स्पष्ट दिसते. १९०१ साली ते लहान असताना भावंडांबरोबर वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनापर्यंत आगगाडीने सुखरूप आणले. पुढे बैलगाडीवाले तयार होईनात. अखेर दुप्पट भाडे द्यावयाचे, मुलांनी स्वतः बैल हाकावयाचे आणि गाडीवानाने विटाळ टाळण्यासाठी बाजूने पायी चालावयाचे, असा सौदा ठरला. अठ्ठावीस वर्षांनी, १९२९ साली, ते उच्च विद्याविभूषित बॅरिस्टर म्हणून चाळीसगावला उतरले. टांगेवाला त्यांना नेण्यास राजी नव्हता. त्याने टांगा दिला, पण हाकण्यास नकार दिला. न शिकलेल्या हाताने टांगा हाकला, पुलाजवळ अपघात झाला, आणि बाबासाहेब दगडांवर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. मसूरचा दर चाळीसगावलाही बदललेला नव्हता.

या दोहोंच्या मध्ये आपले बडोदे आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले, कोलंबिया विद्यापीठात शिकले. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी लिहिले आहे. ती जाणीव परत आली ती बडोद्याच्या स्टेशनावर. १९१७ साली संस्थानच्या नोकरीसाठी ते उतरले तेव्हा पहिला प्रश्न हाच उभा राहिला, की जावयाचे कोठे. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याची ताकीद मिळाली. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे विचारून झाले, दोघांनीही अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत झाडाखाली बसून काढले, मग घोडागाडीत सामान घालून ते स्टेशनावर गेले.

बडोद्यास आपण ‘संस्कारनगरी’ म्हणतो आणि ते नाव खोटे नाही. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, संगीतशाळा ही या शहराची खरी कमाई आहे, आणि बाबासाहेबांना न्यूयॉर्कला धाडणारा राजाही याच शहराचा. परंतु एक चांगले नावदेखील नावच असते. त्या नावाच्या शहराने त्या संध्याकाळी एका विद्वानाला खोली दिली नाही, आणि शहरातून बाहेर नेणाऱ्या गाडीने मात्र त्याला तिकिटाशिवाय काही विचारले नाही.

राहता राहिला बडोदेकराचा प्रसिद्ध आरामशीरपणा. पूर्वी दरबारी नोकर रावपुऱ्यात, दांडियाबाजारात राहत आणि कचेरी कोठीत, पायी दहा-पंधरा मिनिटांवर. स्टेशन विश्वामित्रीच्या पलीकडे, तिकडे जाणे वर्षातून दोन-चार वेळा. घाई करावयाची कशासाठी? १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, बाजव्याला खतांचा कारखाना आला, आणि पाळीची बस चुकली तर रोज बुडू लागला. तेव्हापासून त्याच रावपुऱ्यातला माणूस पहाटे घड्याळ पाहून धावू लागला. आज अहमदाबाद, आणंद, भरूच येथे रोज जाऊन येणारे हजारो बडोदेकर आहेत. ‘अपडाउन करतो’ असे ते मराठीतही म्हणतात, आणि त्यांच्या हालचालीत मुंबईच्या लोकलवाल्याहून वेगळे असे काही मला दिसलेले नाही. घाटी आणि दक्षिणी यांच्यानंतर आता ‘अपडाउनवाला’ हे नवे नाव रूढ होत आहे. त्यात प्रांत नाही, भाषा नाही, जात नाही, फक्त पास आहे.

डभोईची बैलांची वाट रुंद झाली आहे. १७ जानेवारी २०२१ रोजी डभोई, चांदोद, केवडिया हा मोठ्या मापाचा मार्ग खुला झाला आणि प्रतापनगरहून विजेची गाडी थेट केवडियापर्यंत जाऊ लागली.