गोंधळाचें गणित

गेल्या दिवाळींत आमचा एक भाचा पुण्याहून धाराशिवास आला होता. त्यानें एके संध्याकाळीं आम्हांला एक ध्वनिमुद्रिका ऐकविली. अमेरिकेंतील सॅक्रामेंटो शहरच्या ‘हेला’ नांवाच्या जोडीची ही मुद्रिका 2002 सालची असून तिचें नांव ‘होल्ड युअर हॉर्स इज’ असें आहे. वाजविणारे दोघेच, गिटारवर स्पेन्सर सीम आणि ढोलांवर झॅक हिल. पांच मिनिटें होतात न होतात तोंच आम्हीं निकाल देऊन टाकला कीं, हा निव्वळ गोंधळ आहे. भाचा हंसून म्हणाला, “गोंधळच आहे, मामा, पण जरा मोजून पाहा.”

आम्ही मोजूं लागलों आणि लवकरच आमचें बोट चुकलें. पुन्हा आरंभ केला, पुन्हा चुकलें. परंतु चुकत असतांनाच एवढें उमगलें कीं, ते दोघे मात्र चुकत नाहींत. जेथें आम्हांला सर्व विस्कटलेलें वाटतें तेथें ते नेमके एकाच क्षणीं येऊन उभे राहतात. ‘गणिती रॉक’ हें या संप्रदायाचें नांव पुष्कळसें थट्टेनेंच पडलें. लुइव्हिलच्या ‘स्लिंट’ मंडळीची ‘स्पायडरलँड’ ही 1991 सालची मुद्रिका त्याच्या आरंभींच्या खुणांपैकीं एक मानतात. पिट्सबर्गचे ‘डॉन कॅबलेरो’ हेही त्याच परंपरेंतले. चारांच्या सरळ चालीऐवजीं पांच, सात, अकरा अशा विषम मात्रांचे तुकडे घ्यावे, ते मध्येंच बदलावे, आणि ऐकणाराच्या पायाखालची जमीन सरकवावी, अशी ही रीत.

निकाल देतांना आमच्या तोंडून जो शब्द गेला, तो मात्र रात्रीं झोंप येऊं देईना. तुळजाभवानीच्या या जिल्ह्यांत गोंधळ म्हणजे देवीचें जागरण. संबळाचीं दोन तोंडें, एक लहान व उंच स्वराचें, दुसरें मोठें व घुमणारें. वाजविणाराच्या एका हातांतली काठी टोंकाशीं वळलेली. शेजारीं एका तारेचें तुणतुणें. आणि गळ्यांत कवड्यांची माळ. असें हें अत्यंत शिस्तीचें विधिनाट्य. त्याच शब्दाचा अर्थ शिकलेल्या लोकांच्या बोलींत ‘अव्यवस्था’ असा कां व्हावा? ज्यांना मात्रा मोजतां आल्या नाहींत त्यांनींच हा अर्थ केला असावा, असा आम्हांस दाट संशय आहे.

नांव तसें जुनें आहे. काकतीयांचा सेनापति जाय यानें 1253-54 च्या सुमारास लिहिलेल्या ‘नृत्तरत्नावली’ंत अशी हकीकत येते कीं, कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर यानें भूतमातेच्या उत्सवांत भिल्लीच्या वेषांतील एका नर्तकीचें नृत्य पाहिलें, व त्यास ‘गोंडली’ हें नांव दिलें. हा सोमेश्वर 1126 ते 1138 पर्यंत राज्यावर होता. त्याची राजधानी कल्याणी, आजचें बसवकल्याण, आमच्या उमरग्यापुढें सरहद्द ओलांडली कीं येते. गोंडली व गोंधळ यांचें नातें जोडलें गेलें आहे खरें. पण नुसत्या नामसादृश्यानें आमचें पुरतें समाधान होत नाहीं.

खरें आश्चर्य देवगिरीस आहे. यादव राजा सिंघण याच्या पदरीं शार्ङ्गदेव नांवाचा श्रीकरणाधिकारी, म्हणजे जमाखर्चाचा प्रमुख होता. त्याच्या ‘संगीतरत्नाकरां’त एकशेंवीस देशी ताल सांगितले आहेत. पण हिशेबनिसाचें मन तेवढ्यावर भागेना! द्रुत, लघु, गुरु व प्लुत हीं चार कालमानें; द्रुत एक धरला तर लघु दोन, गुरु चार आणि प्लुत सहा. आतां ठराविक कालांत तीं किती प्रकारांनीं बसवितां येतील? लघूएवढ्या कालांत दोन, गुरूएवढ्यांत सहा, प्लुताएवढ्यांत एकोणीस. या मांडणीस प्रस्तार म्हणतात. त्यांतील अमुक क्रमांकाचा प्रकार कोणता तें काढणें हें ‘नष्ट’, आणि दिलेल्या प्रकाराचा क्रमांक काढणें हें ‘उद्दिष्ट’. सगळा प्रस्तार न लिहितां हीं उत्तरें काढण्याच्या रीति त्यानें दिल्या आहेत. तेराव्या शतकांत एक खजिन्याचा अधिकारी, अद्याप कोणीं वाजविलेले नसतील अशा तालांचीही गणती करीत बसला होता.

हें सारें आम्हीं तरुणपणीं वाचलें होतें. वर्गांत सांगितलेंही होतें. तरीही आठ वर्षांपूर्वीं थोरल्या मुलाच्या लग्नानंतर घरचा गोंधळ आम्हींच बंद केला. पाहुणे शहरचे, रात्रभर जागणार कोण, असें कारण दिलें. आमच्या तीर्थरूपांच्या वेळेपासून येणारा वृद्ध गोंधळी दाराशीं आला, त्याला शिधा व दक्षिणा देऊन वाटेस लावलें. त्यानें संबळ खांद्यावरून खालीं उतरविलाही नव्हता.

भाचा गेल्यावर आम्ही तुळजापुरास गेलों. म्हातारा वारला होता. मुलगा वाजवितो. त्याच्या ओसरीवर बसून आम्हीं त्याला वाजवावयास सांगितलें आणि येथेंही मोजूं लागलों. दोन्ही काठ्या आपापल्या वाटेनें निघाल्या, तुणतुणें तिसऱ्याच वाटेनें. आमचें बोट पुन्हा चुकलें. तो थांबल्यावर आम्हीं विचारलें कीं, मघांचा तो तुकडा किती मात्रांचा? त्यानें काठी खालीं ठेवली.

“सर, गोंधळ कुणाकडं हाय?”

धाकटीचें लग्न वैशाखांत ठरलें आहे. आम्हीं त्याला तिथि सांगितली.