पथ्य कोणी ठरवावे?

रायपूरच्या बूढ़ापारा वस्तीजवळ जो जुना बूढ़ा तालाब आहे, त्यास आता विवेकानंद सरोवर असेही म्हणतात. या नावामागे थोडा इतिहास आहे. १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरास राहिले होते. मागाहून त्यांचे कुटुंबही आले. आगगाडी तेव्हा येथवर पोहोचली नव्हती, म्हणून प्रवासाचा शेवटचा लांबलचक टप्पा बैलगाडीने झाला. चौदा वर्षांचा त्यांचा मुलगा नरेंद्र सुमारे दोन वर्षे बूढ़ापाऱ्यात राहिला. परमुलखात बिऱ्हाड थाटणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

हाच नरेंद्र पुढे स्वामी विवेकानंद झाला आणि ऐन तिशीत मधुमेहाने गाठला गेला. १८९७ च्या वसंतात दार्जिलिंगहून मेरी हेल यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले पथ्य विनोदाने वर्णिले आहे: भात नाही, पाव नाही, बटाटा नाही, कॉफीत साखरेचा खडाही नाही. इन्सुलिन अजून पाव शतक दूर होते. वैद्यकाच्या हाती पथ्याखेरीज फारसे काही नव्हते.

१९०१ मध्ये पूर्व बंगालच्या प्रवासाहून परतल्यावर त्यांचे पाय सुजले. तेव्हा कविराजाचा उपचार सुरू झाला. भर उन्हाळ्यात एकवीस दिवस पाण्याचा थेंबही न घेता दुधावर राहावयाचे होते. शरच्चंद्र चक्रवर्ती या शिष्याने लिहून ठेवले आहे, की या उपचारावर स्वामीजींचा विशेष विश्वास नव्हता. गुरुबंधू निरंजनानंदांचा आग्रह मोडवेना, म्हणून त्यांनी तो पत्करला. पत्करला आणि निश्चयाने पाळलाही. पुढे ४ जुलै १९०२ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

दुसरा काही उपचार झाला असता तर ते अधिक जगले असते, असे म्हणण्यास आधार नाही. आम्हांस येथे विचार करावयाचा आहे तो निराळ्या गोष्टीचा. ज्या उपचारावर रोग्याचा विश्वास नाही, तो केवळ निश्चयाच्या बळावर पाळण्यास विवेकानंदच हवेत. सामान्य रोगी वैद्यासमोर मान डोलावतो, चौथ्या दिवशी पथ्य मोडतो आणि पुढच्या भेटीत ते सांगण्याचे टाळतो. पथ्य पाळूनही साखर उतरत नाही असे समजून डॉक्टर औषध वाढवितो; मग ज्या दिवशी रोगी खरोखरच पथ्य पाळतो, त्या दिवशी साखर एकदम खाली जाऊन घेरी येते. संकोचापोटी लपविलेले एक वाक्य जिवावर बेतू शकते, ते असे.

आपल्या पूर्वाचार्यांना हे उमगले होते. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. रुग्णाचे गुणही चारच: स्मरण, आज्ञाधारकपणा, निर्भयता आणि आपला विकार नीट कथन करण्याची शक्ती. शतकानुशतके आपण आज्ञाधारकपणाचे कौतुक केले आणि कथनाचा गुण मात्र विसरलो.

तो पुन्हा आठवावयास विसावे शतक यावे लागले. बोस्टनचे डॉ. जॉस्लिन यांनी १९१८ साली मधुमेहावर एक पुस्तक लिहिले. डॉक्टर व रोगी या दोघांनी मिळून वापरावयाचे पुस्तक, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटोला एका मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोचली गेली आणि सारे चित्र पालटले. रोजची सुई टोचावयास डॉक्टर घरी कोठून येणार? मात्रा मोजणे, जेवणाशी तिचा मेळ घालणे, हे रोग्यालाच शिकावे लागले. लंडनचे डॉ. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. १९२३ साली इन्सुलिननेच ते वाचले, आणि १९३४ मध्ये त्यांनी कादंबरीकार वेल्स यांच्या साथीने रोग्यांची संस्था उभी केली. २०१८ मध्ये अमेरिका व युरोप येथील मधुमेहतज्ज्ञांच्या संस्थांनी मिळून जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात उपचाराचा निर्णय रोग्यासह घ्यावा, हे सूत्र मध्यभागी आहे.

परप्रांतात नोकरी करणाऱ्यास तर याची गरज दुप्पट आहे. बदलीबरोबर डॉक्टर बदलतो, अन्नही बदलते. छत्तीसगड हा धानाचा मुलूख. येथील डॉक्टर भात कमी करा म्हणेल, पण एकादशीची साबुदाण्याची खिचडी त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. ती आपण सांगावी. उपवासाच्या दिवशी नेहमीची गोळी घ्यावी की नाही, हे विचारावे. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर फार खाली जाते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा अनेकांसाठी सातच्या आसपास ठेवतात, परंतु वृद्ध व दुर्बळ माणसासाठी तो काहीसा सैल असतो. आपल्यासाठी किती व का, हेही विचारावे. कार्यालयातील प्रत्येक फाइलवर टिपणी लिहिल्याशिवाय सही न करणाऱ्या आमच्या वाचकांनी स्वतःच्या देहाच्या फाइलवर कोरी सही का करावी?

रोगाचे ज्ञान डॉक्टरापाशी असते. रोग्याच्या दिवसाचे, ताटाचे आणि मनाचे ज्ञान रोग्यापाशी. पथ्य ठरवावयास दोन्ही लागतात.