पासोडी, घोंगडी आणि साडीवरचा शर्ट

थंडी सुरू झाली की इंटरनेटवर एकच सल्ला फिरतो: कपडे थरांनी घाला. आत घाम ओढून घेणारा थर, मधे ऊब धरणारा, बाहेर वारा अडवणारा. सल्ला बरोबरच आहे, फक्त तो बर्फात ट्रेकिंग करणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिलेला असतो. बीड जिल्ह्यात, धारूर तालुक्यातल्या तेलगावच्या आसपास, पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरणाऱ्या बाईने काय घालायचं? ह्याचं उत्तर इथल्या लोकांनी आपलं आपण शोधलंय, आणि त्यामागे निदान चारशे वर्षांची गोष्ट आहे. आज तीच सांगतो.

आधी इथली थंडी कशी असते ते बघू. मराठवाडा समुद्रापासून लांब. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री भराभर निवते. डिसेंबर 2018 च्या अखेरीस शेजारच्या परभणीत, कृषी विद्यापीठात, 2 अंशांची नोंद झाली होती. एरवी पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी अठ्ठावीस-तीस, हे नेहमीचंच. म्हणजे सात-आठ तासांत पंधरा-वीस अंशांचा फरक! त्यामुळे इथे कपडे चढवण्याइतकाच ते उतरवण्याचाही प्रश्न असतो. पहाटे पाचला जे अंगावर लागतं, ते दहा वाजता बांधावर पडलेलं असतं.

आपल्या जुन्या पांघरुणांकडे ह्या नजरेने बघा. त्यातलं एकही शिवून अंगाला बसवलेलं नाही. ओढायचं, गुंडाळायचं, टाकून द्यायचं.

तेलगावहून धारूरचा घाट चढून पुढे गेलं की अंबाजोगाई लागतं. तिथले संतकवी दासोपंत, 1551 ते 1615. गीतेवर त्यांनी ‘गीतार्णव’ नावाचा अवाढव्य ग्रंथ लिहिला, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची पासोडी. सुमारे चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड आणि त्यावर ‘पंचीकरण’ हे प्रकरण, साधारण 1600 ओव्या. ही पासोडी अंबाजोगाईत जपून ठेवली आहे. तत्त्वज्ञान राहू दे बाजूला, मला त्यातला ‘पासोडी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पासोडी म्हणजे जाड्याभरड्या सुताचं दुहेरी पांघरूण. दोन पदर एकावर एक. मराठीत थराला ‘पदर’ म्हणतातच की, दोन पदरी, चार पदरी. आपण उगाच ‘लेअर’ म्हणत बसतो.

दोन पातळ पदर एका जाड कापडापेक्षा गरम का लागतात? कारण ऊब कापडात नसते, पदरांमध्ये अडकलेल्या हवेत असते. वाकळीचंही तेच. आईच्या, आजीच्या जुन्या लुगड्यांचे पदर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवायचे. गरिबीची वस्तू खरी, पण तिच्यामागचं शास्त्र पक्कं आहे.

सुताची मर्यादा एकच: ते ओलं झालं की संपलं. तिथे घोंगडी लागते. दख्खनी मेंढीची लोकर राठ, बहुतेक काळी. धनगरांनी मेंढ्या कातरायच्या, सनगरांनी मागावर विणायचं. ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची, त्यामुळे घोंगडी कडक होते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ 30 टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. म्हणून दव पडो, पावसाची सर येवो, घोंगडीची खोळ करून मेंढरांमागे दिवसभर हिंडता येतं. पूर्ण भिजली तर मात्र वाळता वाळत नाही. आमच्या ऑफिसात महिनोन्महिने लटकलेल्या कामाला आम्ही ‘भिजत घोंगडं’ म्हणतो ते इथूनच आलंय. इंग्रजांनाही ही वस्तू इतकी ओळखीची झाली की 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘कंबली’ अशी नोंद आहे.

पण घोंगडी कुणासाठी सोयीची? ज्याचा एक हात मोकळा आहे त्याच्यासाठी. मेंढपाळ चालतो, राखणदार बसतो. रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेलेला शेतकरीसुद्धा दारं मोडताना ती कमरेला आवळतो, नाहीतर काढून ठेवतो. दोन्ही हात जुंपले की पांघरूण निकामी.

आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत इथल्या माणसाचं हिवाळ्यातलं काम नेमकं तसंच झालं. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मग पश्चिम महाराष्ट्रभर कारखाने झाले आणि ऊस तोडायला माणसं लागली. कोरडवाहू बीडमधून ती जाऊ लागली. 1972 च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढतच गेला. पुढे माजलगाव धरणाच्या पाण्यावर इकडेही ऊस आला. तेलगावला सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना आहे, तरी ह्याच पट्ट्यातून दिवाळीच्या आगेमागे ट्रॅक्टर भरून कुटुंबं बाहेर जातात. मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कोपीत. म्हणजे अख्खा हिवाळा उघड्यावर. सामानात वाकळा असतात, पण त्या झोपण्यापुरत्या.

फडात एका हातात ऊस, दुसऱ्या हातात कोयता. पाचटाच्या कडा ब्लेडसारख्या, वर दवाने चिंब. इथे अंगावर राहणारा, बाह्यांचा, झटकन काढता येणारा पदर हवा. तो बाईला मिळाला साडीवरच्या पुरुषी शर्टात. लांब बाह्या, पुढे बटणं, डोक्याला टॉवेल किंवा रुमाल. ऊसतोडीचे फोटो बघा, हा शर्ट दिसतोच. माझ्या मते पासोडीनंतर मराठवाड्याच्या हिवाळी पेहरावातला सगळ्यात मोठा बदल हाच, आणि त्याला कुणी साधं नावसुद्धा दिलेलं नाही.

शर्ट बहुतेकदा नवऱ्याचा, जुना झालेला. मुकादमाच्या हिशोबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. उचल त्या कोयत्यावर. तिच्या कामाला वेगळा आकडा नाही, तसा तिच्या अंगावरच्या उबदार कपड्यालाही वेगळा खर्च नाही.

ह्या शर्टाची अडचण कळते ती काम थांबल्यावर. मोळ्या डोक्यावरून वाहून गाडी भरेपर्यंत घाम फुटलेला असतो. मग गाडीवान कारखान्याच्या काट्यापुढे रांगेत लागतो. नंबर यायला कधी तास, कधी अख्खी रात्र. घामाने ओली सुती बनियन वाऱ्यावर गार पडते आणि अंगातली ऊब ओढून घेते. वर कितीही घट्ट ब्लँकेट गुंडाळलं तरी आतला पदर ओलाच. म्हणून ज्याला जमेल त्याने एक कोरडी बनियन पिशवीत ठेवावी आणि रांगेत लागल्याबरोबर बदलावी. शर्टाच्या आत बिनबाह्यांचा जुना स्वेटर घालावा. हात मोकळे राहतात, छाती-पाठ झाकली जाते, ऊन चढलं की काढता येतो. बनियन आत असल्यामुळे लोकर टोचतही नाही. फडात कामाला जाणारीलाही हेच लागू, फक्त तिला कपडे बदलायला आडोसा कुठे, हा प्रश्न उरतोच.

हा मधला लोकरीचा पदर बाजारात आता बहुतेक ॲक्रिलिकचा मिळतो. वाटपात येणारी ब्लँकेटं पुष्कळदा पानिपतची, परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून पुन्हा विणलेली. इकडे दख्खनी मेंढीच्या लोकरीला इतका कमी भाव येतो की कातरणीची मजुरीही सुटत नाही. त्यामुळे कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर तिथेच रानात टाकून पुढे जातात.