झाटोपेकची सक्तीची विश्रांती

एमिल झाटोपेक म्हटलं की १९५२ चं हेलसिंकी आठवतं: एकाच ऑलिम्पिकमध्ये पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हींत सुवर्ण. मला मात्र त्याची १९५० ची गोष्ट जास्त मोलाची वाटते.

त्या उन्हाळ्यात हा चेकोस्लोव्हाकियाचा लष्करी गडी चारशे मीटरच्या चाळीस-चाळीस फेऱ्या, त्याही दिवसातून दोनदा, मारत होता असं सांगतात. मग अन्नातून विषबाधा झाली आणि रवानगी थेट इस्पितळात. ब्रुसेल्सची युरोपीय स्पर्धा तोंडावर आलेली. तिथून उठून तो गेला आणि दहा हजार मीटरमध्ये दुसऱ्या आलेल्या ॲलन मिमूँला त्याने मिनिटाहून अधिक मागे टाकलं. पाच हजारही जिंकली.

आजारपणाने कुणाला ताकद येत नाही. ताकद आधीच्या मेहनतीतच होती, फक्त थकव्याखाली गाडली गेली होती. पहाटे नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप उडालेली, भूक मेलेली, पाय जड, उगाच चिडचिड. शरीर सांगत असतं, ऐकतो कोण? आपल्याकडे तालमीत मालिश, खुराक आणि झोप मेहनतीतच धरतात, पण फुशारकी मारायची ती जोर-बैठकांच्या आकड्यांचीच.

झाटोपेकही धडा विसरला. १९५६ मध्ये मेलबर्नची तयारी करताना पत्नी डानाला खांद्यावर घेऊन व्यायाम केला, हर्निया झाला, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती पुरी न करताच तो पुन्हा धावू लागला. मॅरेथॉनमध्ये सहावा आला. पहिला आलेला अल्जेरियात जन्मलेला मिमूँ शर्यतीच्या शेवटाशी त्याची वाट पाहत थांबला होता. झाटोपेकने टोपी काढली, त्याला सलाम केला आणि मिठी मारली.