प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम (रीमेक)

युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंनी करायला घेतलेला, सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला आणि जानेवारी २०२६ मध्ये रद्द झालेला व्हिडिओ गेम. प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि विंडोज संगणक यांसाठी तो योजला होता. एवढ्या नावाजलेल्या मालिकेतील गेमची मुख्य जबाबदारी युबिसॉफ्टच्या भारतीय स्टुडिओंकडे प्रथमच आली होती, म्हणून कधीच न निघालेल्या या गेमची स्वतंत्र नोंद करणे भाग आहे.

मालिकेचा पहिला गेम जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने ॲपल टू संगणकासाठी १९८९ मध्ये केला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने व्हिडिओ चित्रण केले आणि एकेक चौकट उतरवून घेत राजपुत्राची चाल घडवली. १९९० मध्ये डॉस आवृत्ती आली आणि तीच भारतभर पसरली. नांदेड-लातूरकडे या राजपुत्राशी ओळख झाली ती घरातल्या कन्सोलवर नव्हे, कॉम्प्युटर क्लासमध्ये. घरी असलाच तर टीव्हीला जोडायचा कॅसेटचा गेम असे, आणि त्यात मारिओ व कॉन्ट्रा. ‘प्रिन्स’ मात्र फ्लॉपीवरून फ्लॉपीवर जात क्लासच्या संगणकावर ‘डेव्ह’ या गेमच्या शेजारी येऊन बसलेला असायचा. प्रॅक्टिकलचा तास संपत आला आणि सर बाहेर गेले की तो सुरू व्हायचा. साठ मिनिटांत बारा टप्पे ओलांडून, वजीर जाफरला हरवून राजकन्येला सोडवायचे. ‘प्रिन्स मेगाहिट’ असे टाइप करून गेम सुरू केला की चीट चालू होते, ही विद्या एकाकडून दुसऱ्याकडे तोंडीच जाई.

रीमेक ज्याचा व्हायचा होता तो ‘द सँड्स ऑफ टाइम’ हा गेम युबिसॉफ्टच्या मॉन्ट्रियल स्टुडिओने २००३ मध्ये काढला. त्याची कथा मेकनरचीच. ती सुरू होते भारतात. इराणी फौज एका भारतीय महाराजाच्या महालावर चालून जाते. लुटीत काळाची वाळू भरलेले प्रचंड वाळूघड्याळ आणि ती वाळू काबूत ठेवणारा खंजीर हाती लागतो. महाराजाची मुलगी फराह कैद होते. वजिराच्या नादी लागून राजपुत्र ती वाळू मोकळी करतो आणि माणसांचे राक्षस होतात. खंजिराने काही क्षण मागे नेता येतात, त्यामुळे खड्ड्यात पडलेला खेळाडू पुन्हा कड्यावर येतो. गेममधली मृत्यूची भीतीच या एका युक्तीने बदलून गेली. पुढे अनेक गेमनी ती उचलली.

मराठी वाचकाने थांबून पाहावे असे या कथेत एक ठिकाण आहे. फराह राजपुत्राला आपला लहानपणीचा गुप्त शब्द सांगते : ‘काकोलूकीयम्’. हे पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्राचे नाव, कावळे आणि घुबडे यांच्या वैराचे. शेवटी सगळा काळ उलटा फिरतो, फराहला काहीच आठवत नाही, तेव्हा राजपुत्र तिच्याकडे हाच शब्द ठेवून निघून जातो. पंचतंत्र स्वतः सहाव्या शतकात बुर्झोए या इराणी वैद्याने पहलवीत नेले होते. म्हणजे भारतातून इराणात गेलेली गोष्ट कॅनडात गेम झाली आणि रीमेकच्या रूपाने पुण्यात परत आली.

मराठवाड्याला हा प्रवास परका वाटण्याचे कारण नाही. बहामनी काळापासून निजामापर्यंत या भागाने फारसी दरबार पाहिला. हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत फारसी हीच राजभाषा होती. उदगीर आणि कंधारच्या किल्ल्यांत तशा लेखांचे दगड आजही आहेत. शहजादा, वजीर, खंजीर, महाल : या गेमची कथा लातूरच्या बोलीत सांगायची तर अर्धे शब्द आधीच घरातले आहेत.

पुण्यातला स्टुडिओ मूळचा गेमलॉफ्टचा. युबिसॉफ्टने तो २००८ मध्ये घेतला. मुंबईचा स्टुडिओ २०१८ चा. पुण्यात बरीच वर्षे चाचणीची आणि तयार गेम वेगवेगळ्या कन्सोलवर उतरवण्याची कामे चालत. ‘जस्ट डान्स’ मालिकेतही या चमूचा हात होता. १० सप्टेंबर २०२० रोजी रीमेकची घोषणा झाली. तारीख २१ जानेवारी २०२१, किंमत ४० डॉलर. राजपुत्राचा आवाज पुन्हा युरी लोवेन्थाल यांचा. ट्रेलर पाहून जगभरचे चाहते नाराज झाले. चेहरे निर्जीव, प्रकाश सपाट, हे आक्षेप रास्तच होते. पण कोविडच्या वर्षात, ठरलेल्या किमतीत, सतरा वर्षांपूर्वीच्या गेमची प्रत्येक हालचाल नव्याने घडवणाऱ्या चमूचे अर्धे काम जगापुढे मांडण्याची घाई ही व्यवस्थापनाची चूक होती, आणि तिचे खापर नंतर ‘भारतीय स्टुडिओ’ या दोन शब्दांवर फुटले. हे अन्यायाचे होते.

तारीख आधी १८ मार्च २०२१ वर गेली, मग अनिश्चित झाली. मे २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला दिले गेले. त्याच वर्षी आगाऊ नोंदणी रद्द करून पैसे परत देण्यात आले. जून २०२४ मध्ये जळत्या मेणबत्तीची एक छोटी झलक आली आणि २०२६ हे साल सांगितले गेले. २१ जानेवारी २०२६ रोजी कंपनीच्या मोठ्या फेररचनेत आणखी पाच गेमसह तो रद्द झाला.

ज्या यंत्रांसाठी तो योजला होता त्यांतील एक्सबॉक्स वन बाजारात आधीच हरलेला होता. प्लेस्टेशन ४ ची विक्री त्याच्या दुपटीहून अधिक झाल्याचे मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये ब्राझीलच्या स्पर्धा नियामकापुढे मान्य केले. २०२० संपेपर्यंत एक्सबॉक्स वनचे उत्पादनही थांबले होते, म्हणजे गेमची पहिली तारीख उजाडण्याआधीच. मूळ गेमच्या वाट्यालाही असे एक यंत्र आले होते : निन्टेंडोचा गेमक्यूब, जो सुमारे २ कोटी १७ लाख विकला गेला, तर प्लेस्टेशन २ पंधरा कोटींच्या पुढे गेला.

२००३ चा गेम संगणकावर आजही विकत मिळतो. त्यातला महाराजाचा महाल मॉन्ट्रियलच्या कलाकारांनी रेखाटलेला आहे. पुण्यात पुन्हा बांधायला घेतलेला महाल कोणत्याही खेळाडूला आतून चालून पाहता आला नाही.