तक्र, यकृत आणि वत्सगुल्म

वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटक नृपती दुसरा विंध्यशक्ती याच्या ३७ व्या राज्यवर्षातील ताम्रपट याच नगरातून दिलेला असून त्याची भाषा काही संस्कृत, काही प्राकृत आहे. स्थलमाहात्म्यात ‘गुल्म’ म्हणजे समुदाय. वत्स ऋषींच्या आश्रमी देवांचा मेळा जमला, म्हणून वत्सगुल्म. वैद्यकात हाच शब्द पोटातील गोळ्यास लागतो. नगरनामाचा त्या रोगाशी संबंध नाही, हे उघड आहे. मात्र शब्दसाम्यावरून वस्तुसाम्य मानण्याची खोड केवळ व्युत्पत्ती सांगणाऱ्यांनाच आहे असे नव्हे.

ताक हे ‘तक्र’ या शब्दाचे तद्भव रूप. चरकसंहितेतील उदरचिकित्सेच्या अध्यायात निरनिराळ्या उदरांवर तक्र सांगितले आहे. वातोदरात ते पिंपळी व सैंधवादी लवण घालून द्यावयाचे. तेथेच प्लीहा व यकृत यांच्या वृद्धीचाही विचार येतो. एवढ्या आधारावर ‘प्रोबायोटिक आमच्या ताकात होतेच’ असे आज सर्रास म्हटले जाते.

या शब्दाचा इतिहास निराळा आहे. १९६५ मध्ये लिली व स्टिलवेल यांनी, एका सूक्ष्मजीवाने स्रवलेल्या आणि दुसऱ्याची वाढ करणाऱ्या द्रव्यांस, ‘अँटिबायोटिक’च्या उलट अर्थाने, हे नाव योजले. पुरेशा प्रमाणात दिल्यास हितकर ठरणारे जिवंत सूक्ष्मजीव, हा अर्थ २००१ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञांनी निश्चित केला. मौज अशी की, १९६५ मध्येच मॅकबेथ, कास व मॅकडरमॉट यांनी यकृतविकाराने मेंदूवर परिणाम झालेल्या रुग्णांस लॅक्टोबॅसिलस अ‍ॅसिडोफिलस दिल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले.

त्यामागील तर्क चयापचयाचा होता. आतड्यातील जंतू प्रथिने व युरिया यांपासून अमोनिया निर्माण करतात. तो रक्तातून यकृताकडे जातो आणि निरोगी यकृत त्याचा पुन्हा युरिया बनवते. यकृत क्षीण झाले की अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. अमोनिया निर्माण करणाऱ्या जंतूंची जागा इतरांनी घेतली, तर हा भार हलका व्हावा. २०१४ मध्ये चंडीगढच्या अभ्यासात सहा महिन्यांच्या प्रोबायोटिकांनी काठिण्यग्रस्तांचे रुग्णालयात दाखल होणे घटले. मात्र २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेत २१ प्रयोग व १४२० रुग्ण तपासता रक्तातील अमोनिया कमी होण्याचा संभव दिसला, मृत्युसंख्येत फरक आढळला नाही. पुरावाही दुबळा ठरला.

त्या प्रयोगांतील जंतू ओळखलेले व मोजलेले होते. घरचे ताक विरजणागणिक बदलते. शिवाय यकृतकाठिण्याने पोटात पाणी साठलेल्यास मीठ मोजूनच द्यावे लागते, आणि खेड्यातल्या ताकाच्या पेल्यात ते सहज पडते. चरकाचा आधार देणारे आणखी एक गोष्ट वगळतात: त्याच अध्यायातील पथ्यविचारात उदररोग्यास खारट अन्न वर्ज्य सांगितले आहे.